सगळा मराठवाडा लाव्हाच्या दगडावर बसलाय, मग आपल्याकडं सोनं का नाही?

विहीर_अंबड

राम राम मंडळी. अंबड तालुक्यातून लिहायलो, जालना जिल्हा. वावरात विहिरीचं काम चालू हाय. वरचा मुरूम गेला, मग काळा पाषाण लागला, त्यानं लई तंगवलं, आता त्याच्याखाली मांजऱ्या, म्हणजे भोकाभोकांचा दगड, लागलाय आणि परवाच्या सुरुंगानंतर त्या मांजऱ्यात एक पोकळी उघडी पडली, हात कोपरापर्यंत आत जाईल एवढी, आणि आतून सगळी खड्यांनी मढलेली, फिक्कट गुलाबी चपट्या पात्यांच्या जुड्या, मधी मधी पांढरे टोकदार खडे, आणि त्या पांढऱ्या खड्यांवर बाजरीच्या दाण्याएवढे पिवळे चमकणारे चौकोनी कण. फोटो टाकलेत, तिसरा फोटो जवळून काढलाय तो बघा.

क्रेनवरच्या पोरांनी सोनं सोनं म्हणून गलका केला आणि संध्याकाळपर्यंत अर्धं गाव बांधावर. चुलते म्हणायलेत कोणाला हात लावू देऊ नको. एक जण दुसऱ्या दिवशी गाडी घेऊन आला, खडे विकत मागायला.

पण माझा प्रश्न नुसता एवढाच नाही की हे सोनं हाय का. मी वाचायलो की जगातल्या मोठमोठ्या सोन्याच्या खाणी ज्वालामुखीखालच्या गरम पाण्यानं तयार झाल्यात. आता आपला तर सगळा मुलुखच लाव्हाचा, सह्याद्रीपासून पार नांदेडपर्यंत खाली बेसॉल्टच बेसॉल्ट. शाळेत आपल्याला एवढंच शिकवलं की बेसॉल्टपासून काळी कसदार माती झाली. मग ज्वालामुखी होता, दगड हाय, पाणीबी मुरलंच असणार, तर सोनं का नाही झालं? कोणी नीट समजावून सांगंल का, लांब लिहिलं तरी चालंल, मी वाचतो.

देगलूरचा_बाबू

भाऊ, आधी ते कण सोनाराकडं घेऊन जा, कसोटीवर घासून ॲसिडचा थेंब टाकला की दोन मिनिटांत निकाल. आणि चुलत्यांचं एका बाबतीत ऐका, ती पोकळी घाईनं फोडू नका, सोनं असो नसो, खडे चांगले हायत. आमच्या घरातले एक जण हट्टीच्या खाणीत नोकरीला होते, रायचूर जिल्ह्यात, लहानपणी त्यांच्याकडं गेलो की ते दगड दाखवायचे. खरं सोनं असलेला दगड चमकत नसतो म्हणायचे, पांढऱ्या गारगोटीत कुठंतरी बारीक पिवळा डाग, तोबी भिंग लावल्यावर. एवढं लखलखायलंय म्हणजे मला तरी डाऊट हाय.

शिलावेडी

दादा, फोटो बघितले. मी नांदेडला जिऑलॉजीत एमएस्सी केलंय आणि हा विषय माझ्या फार आवडीचा आहे, त्यामुळं लांबच लिहिणार आहे.

आधी तुमचे कण. गुलाबी जुड्या स्टिल्बाइट वाटतायत, झिओलाइट घराण्यातला खडा, जालना-संभाजीनगर पट्ट्यात विहिरी आणि खदानींत भरपूर निघतो. पांढरे टोकदार आहेत ते कॅल्साइट असावेत, एका तुकड्यावर लिंबू पिळा, बुडबुडे आले की कॅल्साइट. आणि पिवळे चौकोनी कण पायराइट, म्हणजे लोखंड आणि गंधक. फोटोवरून शंभर टक्के बोलू नये म्हणून घरीच तीन गोष्टी करून बघा. एक कण लोखंडी ऐरणीवर ठेवून हातोडी मारा: सोनं चपटं होतं, पायराइटचा भुगा होतो. चाकूच्या टोकानं ओरखडा काढून बघा, सोन्यावर सहज उठतो, पायराइटवर उठत नाही. आणि फरशीच्या मागच्या बाजूवर, जिथं चकाकी नसते तिथं घासा, सोन्याची रेघ पिवळीच येते, पायराइटची हिरवट काळी. सोनाराकडं जायच्या आधीच कळून जाईल. घरी ॲसिडचे प्रयोग नका करू, वाफा वाईट असतात.

आता मोठा प्रश्न. तो तुम्ही फार चांगला विचारलाय.

जमिनीच्या कवचात सोनं सगळीकडंच आहे पण सरासरी टनभर दगडात दीड-दोन मिलिग्रॅम. खाण चालवायची तर टनामागं साधारण एखादा ग्रॅम तरी लागतो. म्हणजे निसर्गानं कुठंतरी ते पाचशे-हजार पट गोळा केलेलं पाहिजे, आणि हे गोळा करण्याचं काम बहुतेक वेळा गरम पाणी करतं. ज्वालामुखीचं काम त्यात दोन प्रकारचं: एक म्हणजे तो चूल पेटती ठेवतो, आणि दुसरं म्हणजे खालच्या मॅग्मातून, म्हणजे वितळलेल्या दगडातून, गंधक, क्लोरीन, थोडं पाणी आणि थोडं सोनं वर सोडतो. बाकीचं पाणी मात्र बरंचसं पावसाचंच असतं, भेगांतून खोल मुरलेलं, तिथं तापलेलं आणि हलकं होऊन परत वर निघालेलं.

सोनं पाण्यात विरघळत नाही हे आपल्याला माहीत आहे. पण पाणी दोन-तीनशे अंश सेल्सिअसचं असेल आणि त्यात हायड्रोजन सल्फाइड, म्हणजे तो सडक्या अंड्याच्या वासाचा गॅस, मिसळलेला असेल तर गंधक सोन्याला धरून ठेवतं, बायसल्फाइड म्हणतात त्याला, आणि सोनं पाण्याबरोबर वाहायला लागतं. आणखी जास्त गरम आणि खारट पाण्यात हेच काम क्लोराइड करतं. आता हे पाणी भेगेतून वर यायला लागलं की वरचा दाब कमी होत जातो. अडीचशे अंशांचं पाणी साधारण साडेचारशे मीटर खोलीवर पोचलं की उकळायला लागतं, त्याच्या खाली दाबामुळं उकळत नाही. आणि उकळलं की काय होतं, गोटी सोड्याची बाटली फोडल्यावर गॅस फस्सकन निघून जातो ना, तसा हायड्रोजन सल्फाइड आणि कार्बन डायऑक्साइड वाफेबरोबर निघून जातात. ज्यानं सोनं धरून ठेवलं होतं तेच गेलं. मग सोनं तिथल्या तिथं, त्याच भेगेत, गारगोटीबरोबर खाली बसतं.

ही भेग मग गारगोटीनं बुजते. खाली दाब वाढत राहतो, एखादा भूकंप होतो किंवा दाबानंच दगड फुटतो, भेग परत उघडते, दाब एकदम पडतो, परत जोरात उकळी, परत सोन्याचा एक थर. असं हजारो वेळा. म्हणून अशा शिरा कापल्या की पट्टे दिसतात, पांढरा, राखाडी, पांढरा, मधूनच एक बारीक काळा. जपानमध्ये त्या काळ्या पट्ट्याला गिंगुरो म्हणतात आणि खरा माल त्यातच असतो, सोनं आणि चांदीची खनिजं इतकी बारीक की पट्टा काळा दिसतो. बाबूदादांच्या घरच्या माणसानं सांगितलं ते अगदी बरोबर आहे, सोन्याचा चांगला दगड लखलखत नाही.

जमिनीच्या पृष्ठापासून खाली एक-दीड किलोमीटरच्या आत, दीडशे ते तीनशे अंशांच्या पाण्यात झालेल्या या साठ्यांना एपिथर्मल म्हणतात, हे नाव वाल्डेमार लिंडग्रेन या भूशास्त्रज्ञानं दिलं, गेल्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांत.

जपानच्या कागोशिमा भागात हिशिकारीची खाण आहे, साठा १९८१ ला सापडला, १९८५ पासून खाण चालू. बरीच वर्षं तिथं टनामागं ३० ते ४० ग्रॅम सोनं निघायचं, जगातल्या बहुतेक खाणी तर टनामागं एक ते चार ग्रॅमवर चालतात. आणि तिथं शिरा उघडताना आजसुद्धा ६५ अंशांच्या आसपासचं गरम पाणी निघतं, ते आधी पंपानं उपसून मगच खोदता येतं. साठा जेमतेम दहा लाख वर्षांचा आहे, आमच्या हिशेबात कालचा.

बाकी उद्या, बोटं दुखायला लागली.

विहीर_अंबड

ताई लई भारी समजावलं, दोनदा वाचलं. रिपोर्ट देतो: ऐरणीवर कण ठेवला, हातोडी हलकीच मारली तर भुगा झाला. चाकूनं काही ओरखडा उठला नाही. बाथरूमची एक उरलेली फरशी होती तिच्या पाठीवर घासलं, रेघ काळी, उजेडात धरली तर हिरवट. आणि लिंबाचे बुडबुडे पांढऱ्या खड्यावर आले, गुलाबी पात्यांवर नाही आले. म्हणजे तुम्ही म्हणल्या तसंच. चुलत्यांना सगळं करून दाखवलं, त्यांनी स्वतः परत एकदा घासून बघितलं आणि मग गप्प घरी गेले.

आता एक विचारतो. त्या गरम पाण्यात सोनं असतंय तरी किती? म्हणजे एक तोळा सोनं जमायला किती पाणी वाहून जावं लागतंय?

शिलावेडी

याचं मोजलेलं उत्तर आहे! पापुआ न्यू गिनीमध्ये लिहिर नावाचं बेट आहे, ते बेट म्हणजेच ज्वालामुखी, आणि त्याच्या कोसळलेल्या मुखात लाडोलामचा साठा आहे, जगातल्या सगळ्यात मोठ्यांपैकी एक. खाली आजही गरम खारं पाणी फिरतंय. सिमन्स आणि ब्राउन या दोघांनी तिथल्या खोल बोअरमधलं पाणी वर आणताना उकळून सोनं वाटेतच गळून जाऊ नये म्हणून खालच्या खालीच नमुना बंद करून घेतला, आणि २००६ मध्ये निष्कर्ष छापले. त्या पाण्यात सोनं निघालं अब्जात साधारण १५ भाग. म्हणजे एक टन पाण्यात १५ मिलिग्रॅम.

तोळा १० ग्रॅमचा धरा. दहा हजार मिलिग्रॅम भागिले पंधरा, साधारण ६६७ टन पाणी. दहा हजार लिटरचा टँकर धरला तर एका तोळ्याला ६५-७० टँकर. आपल्याकडं उन्हाळ्यात एका मोठ्या गावाला दहा-पंधरा दिवसांत लागेल एवढं पाणी म्हणा. आणि तेही सगळंच्या सगळं सोनं खाली बसलं तर.

पण तिथं पाणी थांबतच नाही ना. त्यांनी काढलेल्या हिशेबानं तिथून दरवर्षी २४ किलो सोनं वर येतं, आणि साठा १३०० टनांचा आहे, म्हणजे ५५ हजार वर्षांत एवढं सोनं जमू शकतं. मी हा आकडा पहिल्यांदा वाचला तेव्हा मला झोप लागली नव्हती. आम्ही कोट्यवधी वर्षांच्या गोष्टी करतो आणि इथं एक अख्खी जगातली मोठी खाण माणूस पृथ्वीवर असतानाच्या काळात तयार होऊ शकते.

न्यूझीलंडमध्ये तर हे डोळ्यांनी दिसतं. वायोतापूला शॅम्पेन पूल म्हणून गरम पाण्याचं तळं आहे, पृष्ठभागावर ७५ अंशांच्या आसपास, त्याच्या काठाला भडक नारिंगी साका धरलेला. तो अँटिमनी आणि आर्सेनिकच्या सल्फाइडचा, आणि त्यात सोनं-चांदीसुद्धा आहे. त्याच देशात वीज बनवण्यासाठी गरम पाण्याचे बोअर घेतलेत, त्यातल्या ब्रॉडलँड्सच्या बोअरवर पाइपमध्ये जिथं दाब एकदम कमी होतो त्या लोखंडी प्लेटवर सोन्यानं भरलेला थर जमलेला मिळाला. उकळीनं सोनं खाली बसतं हे पुस्तकातलं वाक्य राहिलं नाही मग, लोखंडावर साचलेलं दाखवता आलं.

गुरुजी_परळी

वाचून समाधान वाटले. निवृत्त शिक्षक आहे. दोन गोष्टी बोलतो.

पहिली, विहीरवाल्या दादांना आणि इतर सर्वांना कळकळीची विनंती. आपल्या भागात 'जमिनीतले सोने दाखवणारे मशीन' घेऊन फिरणारे लोक आहेत. हातात तारा धरून शेतात चालतात, एका जागी तारा फिरतात, मग म्हणतात इथे पन्नास फुटांवर आहे, पूजेला आणि खोदाईला एवढे एवढे द्या. माझ्या ओळखीतल्या एका कुटुंबाची दोन एकर जमीन अशी गेली. मुलीच्या लग्नाला ठेवलेले पैसे त्या खड्ड्यात गेले. ताईंनी सांगितलेली फरशीची परीक्षा फुकट आहे, ती प्रत्येक शाळेत मुलांकडून करून घेतली पाहिजे, मी असतो तर घेतली असती.

दुसरी गोष्ट प्रश्न आहे. किनवट तालुक्यात उनकेश्वरला गरम पाण्याचे झरे आहेत. आम्ही शाळेची सहल नेत असू. तिथे पाणी तर गरम येतेच. मग तिथल्या पाण्यात हा प्रकार का होत नाही? आणि मूळ प्रश्नाचे उत्तर अजून राहिले आहे ताई, आपल्याच लाव्हाने असे काय वेगळे केले?

शिलावेडी

गुरुजी नमस्कार. तारा फिरवणाऱ्यांबद्दल लिहिलंत ते बरं केलंत, असं कुठलंही तारांचं यंत्र सोनं ओळखत नाही, जमिनीत सोनं शोधायला दगडाचे आणि ओढ्यातल्या मातीचे नमुने घेऊन लॅबमध्ये तपासावे लागतात, मग बोअर, आणि तरी शंभरातल्या नव्याण्णव जागी काही निघत नाही.

आता दख्खन. आपला लाव्हा आला साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी. पण तो लिहिर किंवा जपानसारख्या उंच शिखराच्या ज्वालामुखीतून नाही आला. जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यातून पातळ लाव्हा पाण्यासारखा पसरत गेला, एक थर, त्यावर दुसरा, त्यावर तिसरा. आज उरलाय तोच पाच लाख चौरस किलोमीटरवर आहे. तुमच्या विहिरीत काळा पाषाण आणि मग मांजऱ्या लागला ना, ते त्याच थरांचं अंग आहे, थराचा मधला भाग घट्ट निवतो तो पाषाण, आणि वरच्या भागात वायूचे बुडबुडे अडकून राहतात, ती भोकं पुढं झिओलाइटनं भरली की मांजऱ्या. दोन थरांच्या मध्ये लाल गेरू लागतो तो म्हणजे पुढचा थर यायच्या आधी उघडी पडलेली, सडलेली जमीन.

म्हणजे चूल एका जागी पेटती राहिलीच नाही. दहा-वीस-तीस मीटरचा थर अंगावर पसरला आणि निवला. मराठवाड्याच्या खाली जमिनीपासून दोन-चार किलोमीटरवर मॅग्माचा मोठा साठा बसून आहे आणि तो हजारो वर्षं एकाच भेगेतून पाणी उकळवतेय, असं इथं घडलं नाही. पाणी फिरलं, पण मंद, थरांच्या भोकांतून, बहुतेक दोनशे अंशांच्या खालचं. एवढ्या पाण्यानं दगडातलं सिलिका, कॅल्शियम, सोडियम हलवलं आणि त्याचे स्टिल्बाइट, अ‍ॅपोफिलाइट, गारगोटी, अकीक केले. थोडं लोखंड आणि गंधक होतं तिथं चिमूटभर पायराइट झालं. तुमची पोकळी म्हणजे त्या पाण्याचा हिशेब आहे दादा, काय होतं आणि काय नव्हतं दोन्ही त्यात लिहिलंय.

दुसरं कारण मॅग्माच्या जातीचं. जपान, फिलिपाइन्स, इंडोनेशिया, न्यूझीलंड, पेरू, चिली, या सगळ्या ठिकाणी समुद्राचा तळ खंडाच्या किंवा बेटांच्या खाली घुसतो. जाताना ओला गाळ आणि खारं पाणी घेऊन जातो. त्यामुळं तिथला मॅग्मा पाणीदार असतो, आणि त्यातलं गंधक बरंचसं सल्फेटच्या रूपात राहतं. हे महत्त्वाचं आहे, कारण गंधक सल्फाइड झालं तर ते सोनं-तांबं धरून खोल तळालाच बसतं, वर येऊच देत नाही. सल्फेट राहिलं तर सोनं मॅग्माबरोबर वर येतं आणि शेवटी वाफ-पाण्यात उतरतं. दख्खनचा मॅग्मा त्या मानानं कोरडा. आपल्या देशात आज जागा असलेला ज्वालामुखी अंदमानातला बॅरन बेटाचा, तो मात्र या पाणीदार जातीतला आहे.

तिसरं, हे साठे उथळ असतात, त्यामुळं वरची जमीन झिजली की तेही वाहून जातात, म्हणूनच जगातले बहुतेक एपिथर्मल साठे भूशास्त्राच्या हिशेबानं तरुण आहेत.

उनकेश्वरचं पाणी मॅग्मानं तापलेलं नाही. पावसाचं पाणी भेगांतून खोल जातं, जेवढं खोल तेवढी जमीन मुळातच गरम, आणि भेगेनंच परत वर येतं. कोकणातल्या वज्रेश्वरीची गोष्टही तीच. तिथं उकळीही नाही आणि सोनं धरून ठेवायला लागतं तेवढं गंधकही नाही.

मूळचा_औसा

ताई एक शंका, वाद घालत नाही पण आइसलँड पण सगळं बेसॉल्टच हाय ना, आणि तिथं समुद्राचा तळ खाली घुसत नाही, उलट जमीन फाटायलीय. मी कुठंतरी वाचलं की तिथल्या गरम पाण्याच्या बोअरमध्ये सोनं मिळालं म्हणून. मग कोरडा मॅग्मा, बेसॉल्ट वगैरे कारण कसं लागू होतं?

शिलावेडी

एकदम नेमकी शंका, आणि यामुळंच मी 'बेसॉल्टमध्ये सोनं होत नाही' असं म्हणत नाही. आइसलँडच्या रेक्यानेसला खोल बोअरच्या पाण्यातही सोनं आहे आणि पाइपच्या आत जमलेल्या थरातही. पण तिथं बघा काय काय आहे: चूल आज पेटलेली, पाणी तीनशे अंशांच्या आसपास, ते पाणी समुद्राचं म्हणजे खारं, आणि भूकंपानं भेगा सारख्या उघड्या. बेसॉल्टमध्येही सोनं असतंच, फार थोडं, पण एवढं गरम पाणी एवढा वेळ फिरलं तर तेही बाहेर निघतं. म्हणून मी तीन कारणांत पहिल्याला सगळ्यात वरचं मानते. दगड कुठला यापेक्षा उष्णता किती काळ एका जागी टिकली आणि पाणी एका जागी किती वेळा उकळलं हे मोठं. मॅग्माची जात त्याला मदत करते.

देगलूरचा_बाबू

ताई मग आता माझं ऐका. हट्टीला आमच्या घरचे म्हणायचे की सोन्याची गारगोटी ज्या काळ्या दगडात शिरलीय तो दगडबी जुना लाव्हाच हाय. आणि हट्टी काय लांब हाय का, रायचूर आणि मराठवाडा १९५६ पर्यंत एकाच हैदराबाद राज्यात होते. कंपनी १९४७ ला निघाली ती हैदराबाद गोल्ड माइन्स नावानंच, १९५६ ला हट्टी नाव झालं. तिथं हजारो वर्षांपूर्वीच्या माणसांनी खणलेल्या जुन्या विहिरीसारख्या खाणी सापडल्यात. पैठण-तेरला सातवाहनांच्या काळात एवढा व्यापार चालायचा, आणि सोन्याचा दगड दक्षिणेला एवढ्या जवळ. मग तिथं लाव्हात सोनं आणि इथं लाव्हात नाही, एकाच दख्खनमध्ये, हे कसं?

शिलावेडी

बाबूदादा, घरच्यांनी बरोबर सांगितलं, हट्टीचा काळा दगड मूळचा बेसॉल्टच. पण तो दख्खनचा लाव्हा नाही, अडीच अब्ज वर्षांहून जुना आहे. आपला सहा-साडेसहा कोटींचा त्याच्यापुढं लेकरू.

आणि हट्टीचं सोनं, कोलारचंसुद्धा, वरच्या ज्वालामुखीच्या उकळीनं झालेलं नाही. ते लाव्हे निवून गेले, मग जमीन दाबली गेली, घडी पडली, दगड अनेक किलोमीटर खोल गेले आणि तापले. तापल्यावर खनिजांच्या आत अडकलेलं पाणी आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर पिळून निघालं, सोबत गंधक आणि सोनं घेऊन. ते मोठ्या कातर-पट्ट्यांतून, म्हणजे दगड एकमेकांवर सरकून चिरडलेल्या पट्ट्यांतून, वर सरकलं. भूकंपात भेग एकदम उघडते, दाब पडतो, सोनं बसतं, शिवाय पाण्यातलं गंधक आजूबाजूच्या दगडातल्या लोखंडाबरोबर जाऊन पायराइट, अर्सेनोपायराइट बनवतं आणि सोन्याचा आधार सुटतो. म्हणजे गंधकानं सोनं वाहून न्यायचं आणि गंधक गेलं की सोनं बसायचं, हे दोन्हीकडं सारखं. फरक खोलीचा, पाणी कुठून आलं त्याचा, आणि काळाचा. एवढ्या खोल झालं म्हणूनच ते अडीच अब्ज वर्षं झिजूनही टिकलं, एपिथर्मल असतं तर कधीच वाहून गेलं असतं.

आता गंमत वाटेल अशी गोष्ट. हट्टीकडच्या त्याच जुन्या दगडांचा पाया मराठवाड्याच्या खालीही आहे. तुमच्या देगलूर-बिलोली-मुखेडला तर तो उघडाच पडलाय, मोठमोठे गुलाबी-करडे ग्रॅनाइटचे गोल धोंडे आहेत ना, तोच. बाकी ठिकाणी तो ट्रॅपखाली, म्हणजे आपल्या दख्खनच्या लाव्हाच्या थरांखाली, झाकला गेलाय.

मूळचा_औसा

झाकलेला किती खाली? आमच्याकडं किल्लारीच्या भूकंपानंतर बोअर घेतला होता एवढं माहितीय.

शिलावेडी

तुमच्याकडंच त्याचं सगळ्यात पक्कं उत्तर आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारीला शास्त्रज्ञांनी ६१७ मीटर खोल बोअर घेतला. ३३८ मीटरपर्यंत बेसॉल्टचे थर, त्याच्याखाली आठ मीटरचा जुना गाळ, आणि मग थेट ग्रॅनाइट-नाइसचा पाया (नाइस म्हणजे उष्णता आणि दाबानं रूप बदललेला दगड). आपल्या भागात शेतीचा बोअर हजार-अकराशे फुटांवर जायला लागलाय, ३३८ मीटर म्हणजे अकराशे फूटच झाले. सह्याद्रीत हेच थर दोन किलोमीटरच्या आसपास जाड होतात, इकडं पूर्वेला पातळ होत येतात.

पण कोणी फावडं घेऊन निघू नका. पाया म्हणजे सोनं नव्हे. त्या पायात बहुतेक ग्रॅनाइट-नाइस आहे आणि सोनं असतं ते त्यात अडकलेल्या जुन्या लाव्हाच्या चिंचोळ्या पट्ट्यांत, तेही पट्ट्यात थोड्याच जागी. विदर्भात भंडाऱ्याकडं आणि नागपूर जिल्ह्याच्या पूर्वेकडं बऱ्याच भागात ट्रॅप नाही, जुने खडक उघडे आहेत, तिथं जीएसआयला (भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण) सोन्याचे अंश मिळालेत ते याच कारणानं, शोधायला दगड समोर आहे. इथं त्यावर शेकडो मीटर बेसॉल्ट बसलाय.

गुरुजी_परळी

किल्लारीचा बोअर ६१७ मीटर होता हे आज कळले. त्या वर्षी आम्ही शाळेतून धान्य घेऊन गेलो होतो. ताई, तुम्ही हे सारे एकत्र लिहून काढा, आठवी-नववीच्या मुलांना वाचता येईल असे. भूगोलाच्या तासाला मी स्वतः जाऊन वाचून दाखवीन, आमच्या शाळेत अजून मला बोलावतात.

शिलावेडी

लिहिते गुरुजी, नक्की. चित्रांसकट.

विहीर_अंबड

सगळ्यांचे आभार, माझ्या प्रश्नाचं पूर्ण उत्तर मिळालं. आता शेवटचं, या खड्यांचं करू काय? सुरुंग परत लावायचाय. तो गाडीवाला पुन्हा फोन करायलाय.

शिलावेडी

सुरुंग त्या बाजूला लावायच्या आधी पोकळी हातानं मोकळी करा. छिन्नी खड्याला लावायची नाही, त्याच्या मागच्या मांजऱ्याला लावायची, हातभर लांबून खाच घेत यायचं म्हणजे खडे दगडासकट सुटतात. स्टिल्बाइटच्या जुड्या नखानंही तुटतात, प्रत्येक तुकडा वेगळ्या कागदात गुंडाळा. धुवायचे तर साध्या पाण्यानं आणि मऊ ब्रशनं, ॲसिड अजिबात नाही, कॅल्साइट विरघळून जाईल. पायराइट असलेले तुकडे नीट वाळवून कोरड्या जागी ठेवा, दमट हवेत ते सडतं आणि त्यातून सुटणारं ॲसिड शेजारचे खडेही खातं.

गाडीवाल्याला घाईनं देऊ नका. याच जातीचे खडे परदेशातल्या संग्रहालयांत आपल्या भागाच्या नावानं ठेवलेत, त्यामुळं दोन-तीन ठिकाणी भाव विचारा. आणि एक चांगला तुकडा गुरुजींच्या शाळेला द्या, ज्यावर स्टिल्बाइट, कॅल्साइट आणि पायराइट तिन्ही आहेत असा. विकण्याआधी एक काम माझ्यासाठी करा, पोकळी जमिनीपासून किती फुटांवर होती, वरचा गेरू किती फुटांवर लागला आणि मांजऱ्याची जाडी किती, एवढं लिहून ठेवा. त्यावरून लाव्हाच्या थराच्या कुठल्या भागात आपण आहोत ते सांगता येईल.

विहीर_अंबड

गेरू वरून तीस फुटांवर लागला होता, हातभर जाडीचा, लालभडक. बाकीचं उद्या टेप लावून मोजतो आणि टाकतो. पोरांना सांगितलंय, पोकळी मोकळी झाल्याशिवाय त्या बाजूला होल मारायचं नाही.

देगलूरचा_बाबू

भाऊ पाणी लागलं का ते तर सांगा.

विहीर_अंबड

लागलं की! मांजऱ्याच्या खालच्या अंगानं, पूर्वेकडून, बोटभर झरा हाय.